अमेरिकेत एचआयव्हीच्या गोळ्यांचे पैसे नक्की येतात कुठून आणि आता ते का कमी पडतायत

जानेवारी २०२६ मध्ये फ्लोरिडाच्या आरोग्य खात्याने जाहीर केलं की एचआयव्हीच्या औषधांसाठी सरकारी मदत हवी असेल तर १ मार्चपासून उत्पन्नाची मर्यादा बदलणार, म्हणजे आधी दारिद्र्यरेषेच्या ४०० टक्क्यांपर्यंत कमावणाऱ्याला मदत मिळायची ती आता फक्त १३० टक्क्यांपर्यंतच. त्याच्या जोडीला इन्शुरन्सचे हप्ते भरून देणं बंद, आणि तिथे खूप जण रोज घेतात ती बिक्टार्वी नावाची गोळी यादीतून बाहेर. बातमी वाचली की पहिला प्रश्न हाच पडतो की ज्या देशात या रोगावरची कितीतरी औषधं शोधली गेली तिथेच पेशंटला गोळ्या द्यायला पैसे कसे नाहीत. उत्तर एका ओळीत देता येत नाही, कारण हा पैसा सरळ तिजोरीतून निघून पेशंटकडे जातच नाही, मध्ये बरीच वळणं आहेत आणि खरी गोम त्या वळणांतच आहे. म्हणून जरा मुळापासून बघू.

गोळी मध्येच का थांबवता येत नाही

एचआयव्ही हा व्हायरस रक्तात स्वतःच्या कॉपी काढत राहतो आणि शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी संपवत जातो. औषधं या कॉपी काढणं बंद पाडतात, पण काही पेशींच्या आत व्हायरस झोपल्यासारखा पडून असतो आणि तिथे औषध त्याचं काही करू शकत नाही. रोज गोळी चालू असेपर्यंत रक्तातलं प्रमाण इतकं खाली राहतं की नेहमीच्या टेस्टमध्ये दिसतसुद्धा नाही, आणि गोळी थांबली की साधारण दोन ते चार आठवड्यांत तो बहुतेकांच्या रक्तात परत दिसायला लागतो.

"मग थोडे दिवस ब्रेक घेतला तर?" हे विचारून झालंय आणि तपासूनही झालंय. स्मार्ट नावाचा अभ्यास होता, ३३ देशांतले ५,४७२ पेशंट, अर्ध्यांना औषध सलग आणि अर्ध्यांना तब्येत बघून मध्ये मध्ये थांबवत. २००६ मध्ये तो आधीच आवरता घ्यावा लागला, कारण थांबणाऱ्या गटात गंभीर आजार किंवा मृत्यूचा धोका दुपटीहून जास्त निघाला.

दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची. ज्याचा व्हायरस दबलेला आहे त्याच्याकडून जोडीदाराला लागण होत नाही. पार्टनर-२ या अभ्यासात ७८२ समलिंगी पुरुष जोडपी होती, एक पॉझिटिव्ह एक निगेटिव्ह, कंडोमशिवाय संबंध, आणि औषध नीट चालू असलेल्या जोडीदाराकडून झालेली लागण शून्य. म्हणजे ही गोळी पेशंटला जगवते आणि त्याच वेळी पुढची लागणही रोखते, आणि म्हणूनच तिच्या खर्चाकडे इतर औषधांसारखं बघून चालत नाही.

अ‍ॅडॅप काय आहे

१९८७ मध्ये एझीटी हे एचआयव्हीवरचं पहिलं औषध अमेरिकेत मंजूर झालं, किंमत वर्षाला ८ ते १० हजार डॉलर, त्या काळात. लोकांना परवडणं शक्यच नव्हतं म्हणून त्याच वर्षी केंद्र सरकारने राज्यांना औषधासाठी पैसे द्यायला सुरुवात केली. पुढे १९९० मध्ये रायन व्हाइट कायदा आला. रायन व्हाइट हा इंडियाना राज्यातला मुलगा, हिमोफिलियाच्या म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या उपचारात रक्तातून लागण झाली, शाळेने त्याला वर्गात बसू द्यायला नकार दिला, तो लढला, आणि कायदा मंजूर व्हायच्या काही महिने आधी अठराव्या वर्षी गेला. कायद्याला त्याचंच नाव दिलं.

या कायद्यातून आज अमेरिकेत एचआयव्हीचं निदान झालेल्या निम्म्याहून जास्त लोकांना काही ना काही मदत मिळते, डॉक्टर, टेस्ट, केस मॅनेजर म्हणजे पेशंटला अर्ज-कागदपत्रांत मदत करणारा माणूस वगैरे. त्यातला औषधांचा भाग म्हणजे एड्स ड्रग असिस्टन्स प्रोग्रॅम, सगळे त्याला अ‍ॅडॅप म्हणतात. प्रत्येक राज्याचा आपापला अ‍ॅडॅप असतो आणि उत्पन्नाची मर्यादा, औषधांची यादी राज्यच ठरवतं. ज्याला दुसरीकडून कुठूनच पैसे मिळत नाहीत त्याच्यासाठी हा शेवटचा आधार, कायद्यातच तसं आहे, आधी बाकी सगळे दरवाजे ठोठवायचे आणि मग इथे यायचं.

आणि हे काम करतं! रायन व्हाइटमधून उपचार घेणाऱ्यांपैकी २०१० मध्ये साधारण ७० टक्के लोकांचा व्हायरस दबलेला होता, आता तो आकडा ९० टक्क्यांच्या आसपास आहे. सरकारी आरोग्य योजनांमध्ये असा निकाल सहसा बघायला मिळत नाही, आणि म्हणूनच त्याला हात लावला जातोय हे बघून वाईट वाटतं.

हक्क वेगळा आणि ग्रँट वेगळी

माझ्या मते सगळ्या भानगडीचं मूळ इथे आहे आणि बातम्यांमध्ये नेमकं हेच सांगत नाहीत.

अमेरिकेत म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड आहे. या दोन्ही योजना कायद्याने हक्क आहेत, म्हणजे तुम्ही नियमात बसलात की सरकारला तुमचा खर्च द्यावाच लागतो, लोक वाढले की खर्च वाढतो आणि सरकार तो भरतं. अ‍ॅडॅप तसा नाही. तिथे संसद दरवर्षी एक ठरावीक रक्कम मंजूर करते, ती राज्यांत वाटली जाते, आणि संपली की संपली. पेशंट वाढले, औषध महागलं, तरी ती रक्कम आपोआप वाढत नाही.

केंद्राकडून अ‍ॅडॅपसाठी राखून ठेवलेली रक्कम वर्षाला साधारण ९० कोटी डॉलर आहे आणि गेलं जवळपास दशकभर ती तिथेच आहे. त्या काळात अमेरिकेतली महागाई तीस टक्क्यांच्या वर गेली, म्हणजे कागदावर कुणी कपात केली नाही तरी कपात होतच राहिली. भरीस भर म्हणजे रायन व्हाइट कायद्याची मुदत २०१३ मध्येच संपलीये, नवा कायदा झालेला नाही, दरवर्षीच्या बजेटमध्ये पैसे टाकून तो चालू ठेवतायत, त्यामुळे दरवर्षी नव्याने धाकधूक. सप्टेंबर २०२५ मध्ये तर संसदेच्या एका समितीच्या बिलात रायन व्हाइटमधून ५२ कोटी डॉलरच्या वर कापायचा प्रस्ताव होता.

पैसा गोल कसा फिरतो

आता एक साधा प्रश्न. बिक्टार्वीची छापील किंमत महिन्याला ४ हजार डॉलरच्या आसपास आहे, वर्षाचे झाले ४५-५० हजार. या भावाने ९० कोटीत किती लोकांना औषध देता येईल? वीस हजारांच्या आसपास, बस. पण अमेरिकेत निदान झालेल्या दर चार जणांमागे साधारण एकाला अ‍ॅडॅपची मदत मिळते, म्हणजे लाखांत. मग हे जमतं कसं?

जमतं ते रिबेटमुळे. रिबेट म्हणजे औषध विकलं गेल्यावर कंपनीने मागाहून परत दिलेली रक्कम. १९९२ च्या कायद्यातून ३४०-बी नावाची व्यवस्था आली, त्यात गरिबांना सेवा देणाऱ्या संस्थांना कंपन्यांनी औषध स्वस्तात द्यायचं किंवा फरक परत करायचा. ब्रँडेड औषधावर कमीत कमी २३ टक्के, आणि कंपनीने महागाईपेक्षा जास्त वेगाने भाव वाढवला असेल तर त्याहून जास्त. शिवाय राज्यांचे अ‍ॅडॅप २००२ पासून एकत्र येऊन कंपन्यांशी वेगळी घासाघीस करतात ते आणखी.

एका पेशंटचा एक महिना घेऊन बघू, आकडे अंदाजे धरतोय. माणूस फार्मसीत जातो, काउंटरवर इन्शुरन्सचं कार्ड देतो. फार्मसीवाला कॉम्प्युटरवर बिल टाकतो, गोळीचे ४ हजार, त्यातला मोठा भाग इन्शुरन्स कंपनी भरते, समजा २०० डॉलर पेशंटच्या वाट्याला येतात, त्याला को-पे म्हणतात. हे २०० त्याच क्षणी अ‍ॅडॅपच्या खात्यातून जातात, माणूस खिशात हात न घालता बाटली घेऊन घरी. त्याच्या इन्शुरन्सचा महिन्याचा हप्ता समजा ५०० डॉलर, तोही अ‍ॅडॅप भरतो. म्हणजे अ‍ॅडॅपचे गेले ७००. तिमाही संपली की राज्य औषध कंपनीला हिशोब पाठवतं आणि कंपनी रिबेट देते, पण तो २०० वर नाही तर पूर्ण औषधावर, म्हणजे ९०० किंवा जास्त. गेलेल्यापेक्षा आलेलं जास्त, आणि ते परत पेशंटसाठीच वापरावं लागतं. सरळ औषध विकत घेऊन दिलं असतं तर सवलत धरूनही जाणारे पैसे कितीतरी जास्त असते.

हातपंपात आधी वरून थोडं पाणी ओतावं लागतं, मग खालून धार लागते. इन्शुरन्सचा हप्ता म्हणजे ते वरून ओतायचं पाणी. आता फ्लोरिडाच्या बातमीतलं "हप्ते भरणं बंद" हे वाक्य परत वाचा, म्हणजे लक्षात येईल की ओतायचं पाणी वाचवलं हे खरं पण त्याच वेळी येणारी धारही बंद झाली. ज्या राज्यांच्या अ‍ॅडॅपमध्ये रिबेटचा वाटा केंद्राच्या पैशाइतका किंवा त्याहून मोठा आहे तिथे ही साधी बचत नसते.

मग आत्ताच काय बिघडलं

बऱ्याच गोष्टी एकदम आल्या. कोविडच्या काळात मेडिकेडमधून कुणाला काढायचं नाही असा नियम होता, तो मार्च २०२३ अखेर संपला आणि मग राज्यांनी लाखो लोकांना यादीतून कमी केलं, त्यात एचआयव्हीवाले होते ते अ‍ॅडॅपकडे आले.

सगळ्यात मोठा धक्का इन्शुरन्सच्या हप्त्यांचा. ओबामाकेअर या आरोग्य विम्याच्या कायद्याने सुरू केलेल्या सरकारी बाजारातून स्वतःचा इन्शुरन्स घेणाऱ्यांना २०२१ पासून केंद्र जादा सबसिडी देत होतं, ती २०२५ च्या शेवटी बंद झाली. याच मुद्द्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अमेरिकन सरकार ४३ दिवस बंद पडलं होतं ते आठवत असेल. केएफएफ या आरोग्य धोरणावर काम करणाऱ्या संस्थेचा अंदाज होता की सबसिडी घेणाऱ्यांच्या खिशातून जाणारा सरासरी हप्ता दुपटीहून जास्त होईल. अ‍ॅडॅपच्या पेशंटचा हा हप्ता अ‍ॅडॅप भरतो, म्हणजे तेवढेच लोक, तेवढंच औषध आणि बिल मात्र फुगलं. फ्लोरिडात या बाजारातून इन्शुरन्स घेणारे देशात सगळ्यात जास्त, २०२५ मध्ये ४७ लाख, आणि राज्याने मेडिकेडची व्याप्ती वाढवायला नकार दिलेला, त्यामुळे मुलंबाळं नसलेला धडधाकट गरीब माणूस तिथे मेडिकेडमध्ये बसतच नाही, म्हणून तिथे दणका आधी बसला.

पुढचंही दिसतंय. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्यात, ज्या राज्यांनी मेडिकेड वाढवलंय तिथे त्या वाढीमुळे आत आलेल्या लोकांसाठी कामाची अट आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा कागदपत्रं अशा तरतुदी आहेत, त्या २०२७ पासून लागतील. नोकरी असूनही कागद वेळेत न पोचल्यामुळे बाहेर पडणारे त्यात असणारच, आणि त्यातल्या एचआयव्हीवाल्यांना जायला अ‍ॅडॅपशिवाय दुसरी जागा नाही.

"खऱ्या गरिबांनाच द्या ना, त्यात चुकीचं काय?"

ऐकायला रास्त वाटतं. पण हिशोब करू. एकट्या माणसासाठी दारिद्र्यरेषेच्या १३० टक्के म्हणजे वर्षाला साधारण साडेवीस हजार डॉलर. फ्लोरिडात किमान वेतन सप्टेंबर २०२५ अखेरपासून तासाला १४ डॉलर आहे, आठवड्याला ४० तास वर्षभर काम केलं तर २९,१२० डॉलर होतात. म्हणजे सगळ्यात कमी पगारावर पूर्णवेळ राबणारा माणूस या मर्यादेत "जास्त कमावणारा" ठरतो! त्याच्या उत्पन्नातून वर्षाला ४५ हजारांची गोळी निघणार कशी? मदत टिकवायची तर त्याला काम कमी करावं लागेल, आणि काम टिकवायचं तर औषध सुटेल. कुठल्याही सरकारने माणसाला या पेचात टाकू नये असं मला मनापासून वाटतं.

"आपल्याकडे बनतात तशा स्वस्त जेनेरिक का घेत नाहीत?"

मराठी वाचकाला हा प्रश्न पडणं साहजिक आहे. २००१ मध्ये सिप्लाने तीन औषधांचं मिश्रण वर्षाला ३५० डॉलरला द्यायची तयारी दाखवली तेव्हा अमेरिकेत तोच उपचार १० हजारांच्या वर होता. आज आफ्रिकेत जे एक गोळीचं कॉम्बिनेशन वापरतात ते वर्षाला ४५ डॉलरच्या आत मिळतं. आणि त्यातल्या कितीतरी भारतीय गोळ्या अमेरिकेच्याच एफडीएने म्हणजे औषधं मंजूर करणाऱ्या खात्याने तपासून पास केल्यात, कारण अमेरिकाच त्या पेपफार योजनेतून गरीब देशांसाठी विकत घेत आलीये. दर्जा मान्य आहे, पण त्या अमेरिकेत विकता येत नाहीत कारण तिथे पेटंट चालू आहे. बिक्टार्वीबाबत तर ऑक्टोबर २०२५ मध्ये ती बनवणाऱ्या गिलियड कंपनीने ल्युपिन, सिप्ला आणि लॉरस लॅब्स यांच्याशी तडजोड केली आणि आता एप्रिल २०३६ च्या आधी तिची जेनेरिक अमेरिकेत येणं अवघड आहे.

काही जुन्या औषधांची जेनेरिक तिथे मिळते आणि काही पेशंटना ती चालतेही. पण इथे आणखी एक गाठ आहे. जेनेरिकवरचा किमान रिबेट १३ टक्के आणि तोही कमी किमतीवर, म्हणजे औषध स्वस्त झालं की अ‍ॅडॅपच्या हातात परत येणारा पैसाही आटतो. गरिबांसाठीची योजना औषध महाग असण्यावर जगतीये, ही गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. भाव उतरवायलाच हवेत, पण त्याबरोबर केंद्राची ग्रँट वाढवली नाही तर पहिला फटका याच लोकांना.

आणि "बिक्टार्वी नाही तर दुसरी घ्या" हेही डॉक्टरच्या खोलीत इतकं सोपं नसतं. कुणाला जुन्या औषधांना रेझिस्टन्स असतो म्हणजे व्हायरसला ते औषध पचायला लागलेलं असतं, कुणाची किडनी साथ देत नाही. ज्यांना हिपॅटायटिस बी सुद्धा आहे त्यांचं अजून नाजूक, कारण या गोळीतले दोन घटक त्या व्हायरसलाही दाबून ठेवतात आणि औषध एकदम थांबलं तर लिव्हर अचानक बिघडू शकतं, हा इशारा गोळीच्या माहितीपत्रकात ठळक चौकटीत छापलेला असतो.

"कंपन्या फुकट औषध देतात की"

देतात, आणि अडीअडचणीला त्याचा उपयोग होतो, त्याबद्दल दुमत नाही. पण ती कंपनीची मर्जी असते, नियम ती ठरवते, अर्ज वेगळा, उत्पन्नाचे पुरावे वेगळे, आणि मिळते ती फक्त गोळी. इन्शुरन्स गेला की व्हायरल लोडची म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे त्याची टेस्ट, डॉक्टरची व्हिजिट, त्याच माणसाची शुगर किंवा बीपीची औषधं, हे सगळं उघड्यावर पडतं. तीन औषधं तीन कंपन्यांची असतील तर तीन अर्ज.

हे आधीही झालंय

२००८ च्या मंदीनंतर लोकांच्या नोकऱ्या आणि त्याबरोबर इन्शुरन्स गेले, राज्यांचे पैसे आटले, आणि अ‍ॅडॅपसमोर वेटिंग लिस्ट लागल्या. सप्टेंबर २०११ मध्ये ११ राज्यांत मिळून ९,२९८ लोक रांगेत होते, त्यात सगळ्यात जास्त फ्लोरिडाचे. काही राज्यांनी औषधांची यादी छाटली, काहींनी उत्पन्नाची मर्यादा उतरवली, आजची सगळी हत्यारं तेव्हाही वापरली गेली. त्या रांगा आपोआप विरल्या नाहीत, केंद्राने जादा पैसे दिले, कंपन्यांनी सवलती वाढवल्या आणि २०१४ पासून ओबामाकेअर लागू झाल्यावर बरेच लोक इन्शुरन्समध्ये गेले, तेव्हा ताण उतरला. आता नेमका तोच इन्शुरन्सचा टेकू काढून घेतला जातोय.

पैशाच्याच भाषेत बोलायचं तरी एका माणसाला नवी लागण झाली की त्याच्या आयुष्यभराच्या उपचाराचा खर्च चार लाख डॉलरच्या वर धरतात. तो खर्च कुणाच्या तरी खात्यात पडणारच, फक्त आजच्या वर्षाच्या बजेटमध्ये तो दिसत नाही.

तुमच्या ओळखीत तिकडे कुणी असेल तर

मदत बंद होणार अशी नोटीस आली तर आधी केस मॅनेजरला फोन, नोटिशीत अपील करायची मुदत दिली असेल तर ती बघणं, आणि हातात किती दिवसांच्या गोळ्या आहेत ते मोजणं. पुरवून पुरवून खाणं, एक दिवस आड घेणं हे कुणीही स्वतःच्या मनाने करू नये, त्याने रेझिस्टन्स येऊ शकतो, डॉक्टरला सांगितलं तर बदली औषध किंवा कंपनीकडून तात्पुरती सोय बघता येते. हिपॅटायटिस बी आहे का हे माहीत नसेल तर ते आधी विचारून घ्यावं.

इन्शुरन्सच्या बाबतीत एक नियम फार कमी जणांना माहीत असतो. हप्ता थकला म्हणून पॉलिसी रद्द झाली तर ते "इन्शुरन्स गेला" असं धरत नाहीत आणि वर्षाच्या मधे नवी पॉलिसी घ्यायची खास सवलत त्यामुळे मिळत नाही, पुढच्या नोंदणीपर्यंत थांबावं लागतं. केंद्राची सबसिडी चालू असलेल्यांना हप्ता भरायला तीन महिन्यांची सूट असते, पण पहिल्या महिन्यानंतरची बिलं इन्शुरन्स कंपनी अडवून ठेवू शकते. म्हणून अ‍ॅडॅप हप्ता भरणार नाही असं कळलं की त्याच आठवड्यात क्लिनिकमध्ये विचारायचं की हा हप्ता दुसरं कोण भरू शकतं, रायन व्हाइटमधूनच मोठ्या शहरांना आणि क्लिनिकना वेगळे पैसे येतात आणि काही ठिकाणी त्यातून हप्त्याची सोय होऊ शकते.